पूर्ण फेलोशिप मिळाली तर घरून खरंच एक रुपयाही लागत नाही का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: धुळ्यात एम.एस्सी. करतोय, घरी पाच एकर कोरडवाहू, अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठात पीएचडीला पूर्ण फेलोशिप मिळते असं ऐकलंय. मग घरून काहीच लागत नाही हे खरं का, आणि आपल्यासारख्याचा तिथे निभाव लागतो का?

लागतात पैसे. माझे सव्वातीन लाख लागले, आणि तेही फेलोशिपचा पहिला डॉलर हातात पडायच्या आधी.

मी चाळीसगाव तालुक्यातला. २०१८ च्या ऑगस्टमध्ये गेलो, भूजलावर पीएचडी केली. विद्यापीठाचं नाव टाकत नाही, कारण विभाग एवढासा आहे की दुसऱ्या मिनिटाला मला ओळखतील. नाव ऐकलं की लोक भुवया उंचावतात, एवढं पुरे. कागदावर फी पूर्ण माफ, आरोग्य विमा त्यांचा, वर महिन्याचं विद्यावेतन. गावात बातमी पसरली ती ‘फुकटात अमेरिका’ अशी. त्या फुकटाचा हिशोब माझ्या एका वहीत अजून आहे.

पाच ठिकाणी अर्ज, त्यांची फी पस्तीस हजार. जीआरई आणि टोफेल या प्रवेशासाठीच्या परीक्षा मिळून तीस. (आता बऱ्याच विभागांनी जीआरई काढून टाकलीय, तेवढं तुमचं वाचेल.) गुणपत्रकांच्या प्रती आणि कुरिअर आठ हजार. सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांची तिथली सरकारी नोंदणी) आणि व्हिसाची फी पंचवीस हजार; तेव्हा कमी होती, आता सेव्हिसचे ३५० आणि व्हिसा अर्जाचे १८५ डॉलर धरून चाला. मुंबईच्या चकरा सहा हजार, तिकीट बासष्ट हजार. बॅग, थंडीचे कपडे आणि विद्यापीठाने सांगितलेल्या लशी यात वीस हजार गेले. आणि सोबत न्यायला दोन हजार डॉलर, म्हणजे एक लाख चाळीस हजार, कारण तिकडे घरमालक पहिल्याच दिवशी महिन्याचं भाडं आणि अनामत मागतो.

आता हे सव्वातीन लाख आपल्या मापात मोजा. २०१७-१८ ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ४३२० रुपये होता, म्हणजे पंचाहत्तर क्विंटल कापूस. आमची जमीन चार एकर, आणि ते वर्ष गुलाबी बोंडअळीचं. बोंडं वरून टपोरी दिसायची, फोडली की आत कवडी. दोन वेचण्या झाल्या आणि नानांनी, म्हणजे वडिलांनी, शेतात गुरं सोडली. मग मायची पोत पतसंस्थेत ठेवली, मामांनी लाखभर दिले, आणि उरलेलं थोडं थोडं कुठून कुठून आलं ते नानांनी मला आजवर सांगितलेलं नाही.

आमच्याकडच्या मुलांना हे कुणी सांगत नाही म्हणून लांबण लावतोय: फेलोशिप सगळं देते, पण नंतर देते. मी ऑगस्टच्या मध्यावर पोचलो आणि पहिलं विद्यावेतन सप्टेंबरच्या शेवटच्या दिवशी आलं. मधले सहा आठवडे तांदूळ, मसूर आणि अंडी. मायने दिलेला खानदेशी काळा मसाला संपला तेव्हा मला खरी धास्ती वाटली.

नानांना हा व्यवहार पटत नव्हता. जायच्या आधी त्यांनी दोनदा विचारलं, “हाऊ पगार शे का कर्ज शे रे भो? परत देना पडी का?” परका माणूस पाच वर्षं पोसणार आणि परत काही मागणार नाही, हे कापूस उधारीवर विकणाऱ्या माणसाला कसं पटावं? मी त्यांना पाटणादेवीची गोष्ट सांगितली. ती आमच्याच तालुक्यातली. तिथल्या शिलालेखात नोंद आहे की भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने १२०७ साली त्याला दान दिलं. पुढे लेखाची भाषा मराठी होते आणि मठाला काय काय मिळायचं ते येतं: पाटणच्या बाजारातल्या मालावरचा कर, दर घाण्यामागे तेल. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी भास्कराचार्यांचा सिद्धांतशिरोमणी शिकणाऱ्या पोराच्या दिव्यातलं तेल कुणा तेल्याच्या घाण्यातून येत होतं. परदेशातल्या मोठ्या फेलोशिपा थोड्या अशाच. केंब्रिज विद्यापीठातल्या ‘गेट्स केंब्रिज’ शिष्यवृत्तीसाठी गेट्स फाउंडेशनने २००० साली एकवीस कोटी डॉलर एकदाच देऊन ठेवले, ते गुंतवले, आणि त्यातून दरवर्षी ब्रिटनबाहेरची मुलं शिकतात. नानांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, म्हणजे मुद्दल तसंच, पोरं व्याजावर. अगदी बरोबर.

पण अमेरिकेतल्या पीएचडीचं पूर्ण असं नाही. तिथे बहुतेकांना पहिलं एखादं वर्ष निव्वळ फेलोशिप आणि पुढे शिकवण्याचं किंवा प्रयोगशाळेचं काम असतं. म्हणजे दान कमी आणि मजुरी जास्त. पत्र हातात आलं की आधी एवढं बघा: विद्यावेतन नऊ महिन्यांचं आहे की बारा? उन्हाळ्याचं काय? किती वर्षांची हमी लेखी आहे? आमच्यातल्या एकाने नऊ महिन्यांचा आकडा बाराचा समजून घरभाड्याचा करार केला आणि जूनमध्ये लोकांच्या सोफ्यावर झोपला. होकार कळवायची घाई करू नका. पैसे देऊ करणाऱ्या बहुतेक विद्यापीठांनी १५ एप्रिलपर्यंत विचार करू द्यायचा हा संकेत मान्य केलेला आहे.

दुसरं, कर. माझं विद्यावेतन महिन्याला २८०० डॉलर होतं, हातात आले २४०० च्या आसपास. एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या परदेशी मुलाच्या फेलोशिपवर साधारणपणे १४ टक्के आधीच कापतात. मी पहिल्या महिन्यात घाबरून चार वेळा आकडा बघितला. भारत-अमेरिका कर करारात एकविसावं कलम आहे, त्यामुळे आपल्या विद्यार्थ्यांना तिथल्या नागरिकांसारखी प्रमाणित वजावट मिळते, म्हणजे ठरावीक रकमेवर कर लागत नाही. बाकी बहुतेक देशांच्या मुलांना ती मिळत नाही. पुढच्या वर्षी १०४०-एनआर हा कराचा फॉर्म भरला तेव्हा कापलेल्यातले बरेच परत आले. इथेही तेच, नंतर.

आणखी एक गंमत. निव्वळ फेलोशिपवर असलात तर तुम्ही कागदावर कुणाचे नोकर नाही, म्हणून सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे तिथला सरकारी ओळख क्रमांक, मिळत नाही. तो नाही म्हणून उधारीचा इतिहास नाही, आणि इतिहास नाही म्हणून घरमालक जामीन मागतो. जामीन कोण राहणार, चाळीसगावचे नाना? शेवटी विभागाकडून विद्यावेतनाचं पत्र शिक्क्यानिशी घेतलं, त्यावर काम झालं. वरकड कमाईचा विचार डोक्यातून काढून टाका. सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला वीस तासांपर्यंत काम चालतं, बाहेर नाही. लग्न करून जाणार असाल तर एफ-२ या जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्याला नोकरी करता येत नाही, हेही सासरी आधी सांगा.

आता निभावाचं. त्यासाठी एकच प्रसंग सांगतो, कारण माझ्या पाच वर्षांत मी सगळ्यात जास्त त्यातून शिकलो.

डिसेंबरात भूविज्ञानाचं मोठं अधिवेशन असतं, माझ्या पहिल्या वर्षी वॉशिंग्टनला होतं. माझं पोस्टर निवडलं गेलं. फेलोशिपमध्ये प्रवासाचे पैसे वेगळे ठेवलेले होते, तेव्हा मी निर्धास्त. विभागाच्या ऑफिसातल्या बाईंकडे गेलो तर त्या म्हणाल्या, “कार्डावर टाक सगळं, बिलं आणून दे, महिना-दीड महिन्यात मिळतील.” माझ्या खात्यात त्या दिवशी २१२ डॉलर होते. मी “हो हो” म्हणालो, हसलो, आणि बाहेर येऊन मार्गदर्शकांना मेल लिहायला बसलो की तब्येत बरी नाही, यंदा जमणार नाही.

मेल अर्धा झाला होता. ऑफिसबाहेरच्या बाकावर बसलो होतो, दार उघडंच. आमच्या तुकडीतला दिल्लीचा एक जण आत गेला. घरचा चांगला खाऊनपिऊन सुखी, वडील मोठ्या हुद्द्यावर. बाईंनी त्यालाही तेच सांगितलं. तो म्हणाला, “मला आगाऊ लागतील.” एवढंच. ना कारण, ना माफी. बाईंनी खणातून एक पानी फॉर्म काढला, त्याने सही केली, आणि तिकीट विभागाच्या कार्डावर निघालं. दोन मिनिटंही लागली नाहीत.

मी मेल पुसला आणि आत गेलो. घसा कोरडा पडला होता. बाईंनी तोच फॉर्म दिला, चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. वर म्हणाल्या, ऑगस्टमध्ये आलास तेव्हा अडचण होती का? नव्या मुलांना पहिल्या विद्यावेतनाआधी बिनव्याजी उचल मिळते, पण कुणी मागतच नाही.

सहा आठवडे मसूर खाल्ली होती हो मी!

आपल्याकडे घरचं उघडं करायचं नाही, असंच शिकवतात. पतसंस्थेत पोत ठेवायलाही माय दुपारी गेली, रस्त्यावर माणसं नसतात तेव्हा. ते चूक आहे असं मी म्हणत नाही, गावात राहायचं तर तसंच वागावं लागतं. पण तिकडे मागणं म्हणजे पदर पसरणं नाही, ती खिडकीवरची नेहमीची कामं आहेत, आणि ज्यांना खरं तर गरज नाही तीच मुलं बिनदिक्कत मागतात. अर्जाची फीसुद्धा माफ होते, विभागाच्या समन्वयकाला दोन ओळींचा मेल करायचा. माझ्या पाचांपैकी दोन ठिकाणी झाली असती, हे मला तिसऱ्या वर्षी कळलं. तुम्ही आधीच विचारा.

अभ्यासात आपण कमी पडत नाही. पहिलं सत्र जड जातं, इंग्रजीमुळे कमी आणि चर्चेत मध्येच तोंड घालायची सवय नसल्यामुळे जास्त. पण बेसॉल्टमधल्या पाण्यावर वर्गात वाद सुरू झाला तेव्हा विहीर खणताना मुरूम कुठे संपतो आणि काळा खडक लागल्यावर सुरुंगाला किती पैसे लागतात, हे त्या खोलीत मला एकट्यालाच माहीत होतं. सोबतची मुलं वाईट नसतात. त्यांच्याकडे चुकायला जागा असते, आपल्याकडे ती फार थोडी असते.

अमेरिकेतली पीएचडी सोडून दुसरे रस्तेही बघा. अनुसूचित जमातीतले असाल तर केंद्राच्या आदिवासी मंत्रालयाची परदेश शिष्यवृत्ती आहे, देशभरात वर्षाला वीसच. अनुसूचित जातीसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. अटी दरवर्षी बदलतात, त्या वर्षीची जाहिरातच वाचा, जुन्या व्हिडिओंवर जाऊ नका. आणि सरकारी असो की खाजगी, पैसे वेळेवर येतीलच असं धरून चालू नका. नंदुरबारकडचा एक मित्र एका शिष्यवृत्तीवर शिकत होता, त्याचा हप्ता चार महिने लांबला आणि तेवढे दिवस तो माझ्या खोलीत राहिला.

परत यायची अटही वाचून घ्या. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं, अमेरिकेच्या फुलब्राइट शिष्यवृत्तीच्या जे-१ व्हिसालाही दोन वर्षांची अट आहे. ही अट जुनीच. बाबासाहेब १९१३ ला कोलंबियाला गेले ते सयाजीरावांच्या महिना साडेअकरा पौंडांवर, आणि परतल्यावर दहा वर्षं बडोद्याची नोकरी करायचा करार लिहून देऊन. बाबासाहेब मुक्कामाला होते त्या लळिंगच्या लांडोर बंगल्यावर ३१ जुलैला तुम्ही गेला असालच, धुळ्यात राहून तो दिवस चुकत नाही. तिथे जमलेल्या गर्दीत त्या कराराचं कुणी बोलताना मी तरी ऐकलेलं नाही.

मायची पोत सुटली ती दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये, कराचे पैसे परत आले तेव्हा. मामांचे अजून वीस हजार बाकी आहेत, ते घेत नाहीत.

तुम्ही यंदाच अर्ज करणार असाल तर शिफारसपत्रं देणाऱ्या सरांना दिवाळीच्या सुट्टीआधी गाठा. सुट्टीत ते गावी जातात, आणि बऱ्याच विभागांची शेवटची तारीख डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात असते. फीमाफीचा मेलही त्याच आठवड्यात टाका. मसुदा हवा असेल तर खाली लिहा, माझा पाठवतो.