दक्षिण सुदानला निघालेल्या जवानासाठी
संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचं निळं हेल्मेट घालून पहिल्यांदाच परदेशी निघाला आहेस, म्हणून सांगतो. भरती झालो तेव्हा समोर शत्रू आणि पाठीशी देश, इतकं सरळ वाटायचं मला युद्ध. तिथे तसा शत्रूच नसतो. डिसेंबर २०१३ मध्ये तिथलं सैन्य फुटलं, कालचे सोबती एकमेकांवर उठले आणि जुबा, बोर, मलाकाल या शहरांतल्या शांतिसेनेच्या तळांवर हजारो लोक जीव मुठीत धरून आले. तिथल्याच अकोबो गावच्या तळावर अशाच लोकांना आसरा देताना आपले दोन जवान गेले. सीमेवरच्या वीरमरणापेक्षा ते मरण मला तसूभरही कमी वाटत नाही.

गोळी केव्हा चालवायची याचे नियम झोपेतून उठवलं तरी सांगता आले पाहिजेत. नागरिकांना वाचवण्यासाठी बळ वापरायची मुभा आहे, हे विसरू नकोस. दुभाष्याला घेऊन छावणीतल्या बायकांशी बोल. सरपण आणायला कुठल्या वाटेने जायची त्यांना भीती वाटते ते विचार आणि गस्तीच्या कमांडरला लगेच सांग. माझ्या मते याहून मोठं काम तिथे नाही.

परत आल्यावर लोक शौर्याच्या गोष्टी मागतील. मन नसेल तर सांगू नकोस. पण झोप उडाली तर युनिटच्या डॉक्टरपासून लपवू नकोस.