मित्रमंडळीत स्वतःला बाई किंवा पुरुष न मानणारं कुणी 'तो-ती नको, ते म्हणा' म्हटलं, तर सवय कशी लावायची?

प्रश्न सांगलीचा आहे म्हणून आधी हे सांगतो: आपल्याकडं पोरी-बायका 'मी आलो', 'मी जातो' सर्रास म्हणतात आणि कुणाचं काही अडत नाही. तेव्हा जीभ वळत नाही ही सबब इथं तरी चालायची नाही.

खरी गोची 'तो-ती'पेक्षा क्रियापदाची. 'जेवलास का? जेवलीस का?' इथं अडकायला होतं. त्याऐवजी 'जेवण झालं का?' विचारा. 'कधी येतोस?' नको, 'कधी येणार?' म्हणा. तू-तारी तशीच राहते, उगीच अहो-जाहो करून जिवलग माणसाला परकं करावं लागत नाही.

पाठीमागं बोलताना 'त्यांनी भडंग आणलं', 'त्यांना सांग', 'ते येणार आहेत' ही वाक्यं बिनधास्त वापरा. 'ते आले' मात्र कानाला पुरुषीच लागतं. ते चालतंय का, हे त्या व्यक्तीलाच एकदा विचारा, सगळ्यांसमोर नको. काहींना सरळ नावानं बोलावलेलं बरं वाटतं.

चुकलात तर तिथंच शब्द बदला आणि पुढं बोला. दहादा सॉरी म्हणत बसलात की समोरच्यालाच तुमची समजूत काढावी लागते.

घरच्या मोठ्यांपुढं व्याकरण काढू नका. स्वतःची लिंगओळख ठरवायचा हक्क सुप्रीम कोर्टानं 2014 च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात मान्य केलाय, पण आजीला त्याचं काय! तिच्यासमोर तुम्ही नीट बोलत राहा, चार भेटींत तीही उचलेल. नाहीच उचललं तर निदान टोमणे मारू नका एवढं तरी सांगता येतं.