आधी उसव

प्रिय मुली,

‘द रॉयल टेलर’ (2014) हा कोरियन सिनेमा पाहून तू विचारतेस, नियम धरून बसलेला दरबारी शिंपी डोल-सोक व्हायचं की मनाला येईल ते शिवणारा गोंग-जिन? सोबत तुझ्या पहिल्या जोगोरीचा, म्हणजे कोरियन पोशाखातल्या वरच्या अंगरख्याचा, फोटो. उत्तर त्या फोटोतच आहे. गळपट्टी मानेमागे उभी राहिलीय. उसव ती.

राजाचा समारंभाचा पोशाख जळतो आणि बाहेरून आणलेला गोंग-जिन काही तासांत नवा उभा करतो, त्या प्रसंगात तुला प्रतिभा दिसली. मला दिसला तो शिवणी पाठ असलेला माणूस. कुठला तुकडा कुठे जोडला जातो हे बोटांना ठाऊक नसेल, तर घाईत फक्त कापड वाया जातं.

कोरियातल्या जोसन राजवटीच्या काळातले रेशमी कपडे उसवण्यासाठीच शिवलेले असत. धुण्याआधी टाके काढायचे, सुटे तुकडे धुवायचे, खळ द्यायची, दगडावर ठेवून लाकडी दांडक्यांनी कुटून गुळगुळीत करायचे (याला दादुमी म्हणतात), मग पुन्हा शिवायचे. म्हणून शिवणीत माया, म्हणजे टिपेबाहेर सोडलेलं जादा कापड, भरपूर. तू मात्र ओव्हरलॉक (काठ कापत गुंफणारी मशीनची शिवण) मारून माया छाटून टाकलीस! आता गळा अर्धा सेंटिमीटर हलवायचा म्हटलं तरी कापड कुठून आणणार?

गळ्याचं नीट ऐक. मानेमागच्या रुंदीला ‘गोदे’ म्हणतात. ती जास्त कापली गेली की ‘गित’, म्हणजे गळपट्टी, मानेपासून सुटते. कमी पडली तर मागे घड्या येतात. गोदेच्या कोपऱ्यात कातरीचा छेद टिपेच्या अगदी एक धागा अलीकडे थांबला पाहिजे. आधीच थांबलीस तर कोपरा चिमटतो, पुढे गेलीस तर कापड फाटतं. गित आधी जाड कागदाच्या साच्यावर इस्त्रीने वळवून घे, कच्च्या दोऱ्याने बसव, अंगावर घालून बघ. जमली नाही तर उसव. तिसऱ्यांदाही उसव. पक्के टाके त्यानंतर.

त्यावरची पांढरी पट्टी, दोंगजोंग, सगळ्यात शेवटी, तीही हाताने. मळली की ती काढून नवी लावतात, त्यामुळे मशीनची बारीक टीप तिथे मूर्खपणाची. तिचं टोक गितच्या टोकाशी नेऊन भिडवू नकोस, साधारण गितच्या रुंदीइतकं वर थांबव. दोन्ही टोकं समोर एका उंचीवर आली नाहीत, तर चूक पट्टीची नसते, खालच्या गितची असते. म्हणजे पुन्हा उसवणं आलंच.

घेरदार घागऱ्याबद्दलही विचारलं आहेस. चिमा म्हणजे पट्ट्याला चुण्या घालून जोडलेलं सरळ कापड. फुगीरपणा येतो आतून, थरांच्या मुजिगी चिमामुळे आणि काठाला हांजी हा कोरियन कागद लावलेल्या दैश्युम चिमामुळे. वरच्या कापडात घेर वाढवत बसलीस तर वजन वाढेल, आकार येणार नाही. हेही एखादा घागरा उसवला असतास तर कळलं असतं.

जुनाट म्हण मला. पण ज्याला तू परंपरा म्हणतेस ती कधी एका जागी थांबली होती? 16व्या शतकात कमरेखाली उतरणारी जोगोरी 19व्या शतकाच्या अखेरीस इतकी आखूड झाली, की छाती झाकायला खाली वेगळा पट्टा बांधावा लागे. शतकं लागलेला बदल सिनेमाने दोन माणसांच्या भांडणात कोंबलाय. नाटकासाठी ठीक. तू त्यावरून आयुष्याची बाजू निवडायला निघालीस, याचा मला राग येतो.

एक अपवाद प्रामाणिकपणे सांगते. पातळ उन्हाळी कापडाला केक्की शिवण घालतात: टीप, घडी, परत टीप, माया जवळजवळ मुळापर्यंत कापायची, पुन्हा दुमडून तिसरी टीप. शिवण दोऱ्याइतकी बारीक दिसते, पण दुरुस्तीला जागा उरत नाही. म्हणून ती पहिल्या वर्षी नाही. हट्ट करू नकोस. रेशमाआधी मांजरपाट, मांजरपाटावर निदान पाच गळे.

रविवारी येशील तेव्हा ती जोगोरी घडी करून आणू नकोस. सुटे तुकडे आण, दोरे वेचून काढलेले, आणि गोदेचा तुकडा सगळ्यात वर ठेव.