आज डोकं ठिकाणावर नाही, हे सांगायला शिक

बाळा,

तुझा मेसेज वाचला. दोन महिने झाले तुझ्या मशीनवर रिजेक्शन वाढलंय, म्हणजे माप चुकून जॉब (पार्ट) बाद होतायत, सुपरवायझर सगळ्यांसमोर बोलतो, आणि तू विचारतोयस सर, मशीनच्या प्रोग्रॅमिंगचा अजून एखादा कोर्स करू का. कोर्सचं नंतर बघू. शेवटी तू लिहिलंयस ना, बहिणीच्या लग्नाच्या पैशावरून दादाशी बोलणं बंद आहे आणि थर्ड शिफ्ट करून आलं की रूमवर झोप लागत नाही, मला तर सगळं तिथंच दिसलं.

माझंच सांगतो. भोसरीत टर्निंगला, म्हणजे लेथवर होतो, पोराच्या फीवरून बायकोशी भांडण झालं, ती रडत होती आणि मी डबा न घेताच निघालो. मशीनवर उभा राहिलो तरी डोक्यात तेच, ती काय म्हणाली, मी काय बोलायला नको होतं. डायमीटर जरासा जास्त येत होता, ऑफसेटमध्ये, म्हणजे मशीनमधल्या टूलच्या सेटिंगमध्ये, ०.०२ मिमी कमी करायचं होतं, मी ०.२ केलं, आणि त्याहून मोठी चूक म्हणजे त्यानंतरचा पहिला जॉब मापलाच नाही. ३४ शाफ्ट अंडरसाइज. ओव्हरसाइज असते तर परत कट मारला असता, अंडरसाइजला इलाज नाही रे, सरळ भंगार. रोजचंच काम होतं ते, वर्षानुवर्षं केलेलं. आमच्या सेटरनी, मशीन सेट करून देणाऱ्या माणसानं, मला बाजूला घेतलं आणि एवढंच विचारलं, घरी काय झालंय? मला तिथंच भरून आलं.

तुझ्या सुपरवायझरचं चारचौघात बोलणं मला अजिबात पटत नाही. अशानं पोरं चूक लपवायला लागतात आणि खराब जॉब पुढच्या ऑपरेशनला जातो. पण त्याला तू बदलू शकणार नाहीस, म्हणून तुझ्या सेटरशी बोल. शिफ्ट चालू होतानाच सांग, आज माझं डोकं ठिकाणावर नाही, पहिला जॉब तुम्ही पण मापा. यात कसला कमीपणा?

आणि झोप. ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात दिसलंय की सलग १७ तास जागं राहिलं की माणसाचं काम रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखं होतं, आणि आपल्याकडे गाडी चालवायला ०.०३ च्या वर गेलं की गुन्हा आहे. तू तसा मशीनसमोर उभा राहतोस, मला तुझ्या बोटांची काळजी वाटते. खिडकीला जाड चादर लाव, सकाळी रूमवर आल्यावर मोबाईल लांब ठेव, फर्स्ट शिफ्टवाल्या पार्टनरला सांग की दुपारी आला की लाईट लावू नको.

दादाला फोन कर. पैशाचा विषय काढूच नको, जेवलास का, आईचा गुडघा कसा आहे एवढंच विचार, तो तुसडेपणानं बोलला तरी दोन दिवसांनी परत कर. हिशोब समोरासमोर बसून होतील, पण आधी आवाज तरी ऐकू दे एकमेकांना. आणि कधी फारच अंधारून आलं, जीव नकोसा झाला, तर १४४१६ लाव, टेलिमानस म्हणून सरकारची फुकट हेल्पलाईन आहे, रात्री-अपरात्री पण चालू असते आणि मराठीत बोलता येतं. मलाही लाव, कितीही वाजू देत.

या आठवड्यात कुठली शिफ्ट आहे ते कळव, म्हणजे तुझी झोपेची वेळ सोडून मी फोन करीन. रविवारी घरी ये, काकू विचारत होती.

तुझा,
सर