परदेशी मदत आटली तर टीबीचा खर्च कोण चालवणार?

तुमचा प्रश्न असा आहे की 2025 च्या सुरुवातीला अमेरिकेने मदत थांबवली, मग आपल्यासारख्या देशात टीबीचा कार्यक्रम टिकणार का आणि कायमचा पैसा आणायचा कुठून. मी डॉक्टर नाही. कोल्हापूर जिल्ह्यात या कार्यक्रमाचे हिशेब कंत्राटी लेखापाल म्हणून बरीच वर्षं लिहिले, तेव्हा पैशाच्या बाजूनेच सांगते.

आधी भारताचं. आपला कार्यक्रम बहुतांशी आपल्याच पैशावर चालतो. राष्ट्रीय आरोग्य अभियानात केंद्राचे 60 टक्के, राज्याचे 40. ग्लोबल फंड (टीबी, एड्स, मलेरियासाठीचा आंतरराष्ट्रीय निधी), 2019 चं जागतिक बँकेचं 40 कोटी डॉलरचं कर्ज, हा सगळा त्याला लावलेला टेकू. आफ्रिकेतल्या अनेक गरीब देशांत टेकूवरच घर उभं आहे, तिथे घाव मोठा बसतो. जगभरात 2027 पर्यंत वर्षाला 2200 कोटी डॉलर उभे करायचं ठरलं होतं, 2023 साली हाती आले जेमतेम 570 कोटी. म्हणजे पैसा कमी आहे, यात वाद नाही.

पण मी ज्या अडचणी डोळ्यांनी पाहिल्या, त्यातल्या बहुतेक पैसा नसल्याच्या नव्हत्या, वेळेवर नसल्याच्या होत्या. साध्या टीबीचा उपचार सहा महिन्यांचा, पहिले दोन महिने चार औषधं, पुढे तीन, एक दिवसही खंड नको. आमचं खातं मात्र 31 मार्चला बंद. उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे आधीचा पैसा कुठे खर्च झाला त्याचा दाखला, वर गेल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही, आणि एप्रिल-मे असेच जातात. त्या दोन महिन्यांत बेडक्याचे नमुने तालुक्याला पोचवणारा पोरगा पदरचं पेट्रोल घालायचा. आठवड्यातून तीनदा येणारा तो मग एकदाच यायचा. रिपोर्टला उशीर म्हणजे तेवढे दिवस घरात आणखी खोकला.

शिरोलीच्या एका फौंड्रीत मोल्डिंगचं काम करणारे एक काका होते. वजन 42 किलो. टीबी रुग्णाला खाण्यासाठी सरकार जे पैसे देतं त्या निक्षय पोषण योजनेचे तेव्हा महिन्याला 500 मिळायचे (1 नोव्हेंबर 2024 पासून 1000 झाले). त्यांचं खातं आधारला जोडलेलं नव्हतं, कागद तीनदा फिरला. पैसे आले तेव्हा गोळ्या संपत आल्या होत्या. तोवर किराणावाल्याने उधारी बंद केली आणि दुसऱ्याच महिन्यात ते परत भट्टीवर गेले. खाण्याचा हा पैसा म्हणजे दयादान नव्हे. झारखंडमध्ये झालेल्या आणि 2023 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुग्णांच्या घरच्यांना धान्य-डाळ दिली, तर त्यांच्यात नवा टीबी 39 टक्क्यांनी कमी झाला. आज डाळीवर घातलेले पैसे उद्याच्या गोळ्यांचे वाचतात.

आपल्याकडे दूधबिल दर दहा दिवसांनी येतं. रक्कम लहान असते, पण त्यावर बाई घर चालवते, कारण ते ठरल्या दिवशी येतं. टीबीचा निधी तसा यायला हवा.

पैशाच्या वाटा माझ्या मते अशा. औषधखरेदी सरकारचीच, आणि जिल्ह्यात तीन महिन्यांचा साठा शिल्लक हवाच. मार्च 2024 मध्ये केंद्राने राज्यांना गोळ्या स्थानिक पातळीवर खरेदी करा असं कळवलं, ती धावपळ पुन्हा नको. औषधाची किंमत पाडणं हाही निधीच. नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या टीबीवरच्या बेडाक्विलिन या गोळीचं पेटंट लांबवायचा कंपनीचा अर्ज मार्च 2023 मध्ये आपल्या पेटंट कार्यालयाने फेटाळला, म्हणजे इतरांनाही ती स्वस्तात बनवायची वाट मोकळी झाली. त्याला हरकत घेणाऱ्या दोघी टीबीतून वाचलेल्या होत्या, एक भारतातली, एक दक्षिण आफ्रिकेची. बेडाक्विलिनच्या आधीच्या जुन्या उपचारात दोघींचेही कान गेले होते.

दुसरं, ज्याच्या कामातून रोग वाढतो त्याने भार उचलावा. सिलिकाची, म्हणजे साच्याच्या वाळूची बारीक धूळ फुप्फुसात बसली की टीबीचा धोका कितीतरी वाढतो. फौंड्रीत धूळ ओढणारी यंत्रं आणि कामगारांचा वर्षाला एक्स-रे हा मालकाचा खर्च धरला पाहिजे. ऊसतोड मजुरांच्या महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे 10 रुपये द्यायचे ठरलेलं आहेच. त्यातून फडावर तपासणी व्हावी आणि हंगाम संपून टोळी बीडकडे निघाली की गोळ्या सोबत जाव्यात.

निक्षय मित्र, म्हणजे रुग्णांना पोषणाचं किट देणारे देणगीदार, चांगलेच; त्यांच्या किटमधल्या शेंगदाणे-गुळाने माणसं सावरलेली मी पाहिली आहेत. पण देणगीवर पगार आणि गोळ्या लावू नयेत. देणारा पुढच्या वर्षी असेलच असं नाही.

आमच्या गावात दूध संस्था आणि बचत गटाने मिळून 15,000 रुपयांचा फिरता निधी केलाय. रुग्णाचं नाव नोंदलं की त्याच आठवड्यात 1000 हातात, मग महिन्याला तेवढेच. सरकारचे जमा झाले की त्याने परत करायचे. वही माझ्याकडे असते. आजवर सात जणांना दिले. पाचांनी परत केले, एकाचे सरकारी पैसे अजून यायचे आहेत. एक वारले, त्यांच्या घरी आम्ही मागायला गेलो नाही.