कॉलेजच्या करारातून मुलीला एका सत्रासाठी जर्मनीत पाठवावे का? तिचे वर्ष वाया जाईल का?

आपल्या प्रश्नावरून मला एवढे समजले की मुलगी पुण्यातील एका महाविद्यालयात यंत्र अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, महाविद्यालयाचा जर्मनीतील एका विद्यापीठाशी सामंजस्य करार आहे, पाचव्या सत्रासाठी तिचे नाव निवडले गेले आहे आणि आपल्या एका नातेवाइकांनी ‘वायडी’ (इयर डाउन, म्हणजे वर्ष वाया जाणे) होईल अशी भीती घातली आहे. मी पुण्यातच अध्यापन करत असताना नऊ वर्षे आंतरराष्ट्रीय संबंध कक्षाचे काम पाहिले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. मुलीला पाठवावे, असेच माझे मत आहे. मात्र नातेवाइकांची भीती निराधार नाही. ती खरी ठरणार की खोटी, हे मुलगी निघण्यापूर्वी, पुण्यातच ठरते.

सर्वप्रथम करार मागून घ्या आणि स्वतः वाचा. प्राचार्यांच्या दालनात चौकटीत लावलेला, टेबलावर दोन झेंडे ठेवून सह्या झालेला कागद बहुधा केवळ सामंजस्य करार असतो. दोन्ही संस्था विद्यार्थी व अध्यापकांच्या देवाणघेवाणीस उत्तेजन देतील, इतकेच त्यात म्हटलेले असते आणि त्याने कोणावरही कसलेच बंधन येत नाही. आपल्या कामाचा असतो तो त्यापुढचा, स्वतंत्र विद्यार्थी विनिमय करार. दरवर्षी किती विद्यार्थी जातील व येतील, शुल्क कोठे भरायचे आणि तेथील श्रेयांक (क्रेडिट) येथे कसे धरायचे, हे त्यात कलमवार असते. विनिमयाचे मूळ तत्त्व असे की विद्यार्थिनी आपले शुल्क आपल्याच महाविद्यालयात भरते, समोरचे विद्यापीठ तिच्याकडून शिक्षण शुल्क घेत नाही आणि त्या बदल्यात त्यांचा एखादा विद्यार्थी त्याच अटीवर आपल्याकडे शिकून जातो. जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यातील विद्यापीठे २०१७ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांकडून दर सत्राला १,५०० युरो घेतात, परंतु करारान्वये आलेल्या विनिमय विद्यार्थ्यांना त्यातून सूट असते. म्हणून माहितीपत्रकावर ‘एक्स्चेंज’ असे छापून आत परदेशी विद्यापीठाच्या शिक्षण शुल्काचा आकडा दिलेला असेल, तर ती विकत घेतलेली जागा समजावी. तशी जागा घेण्यात गैर काही नाही, पण मग तिला विनिमय म्हणू नये.

आता श्रेयांकांविषयी. या एका बाबीवर मी अधिक लिहिणार आहे, कारण बहुतेक घोटाळे येथेच होतात. युरोपचा विद्यार्थी विनिमयाचा इरास्मस कार्यक्रम आज सर्वांना माहीत आहे, पण त्याच्या मुळाशी एक असाच घोटाळा होता. सोफिया कोर्राडी या रोमच्या विद्यापीठात कायदा शिकत असताना फुलब्राइट शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेल्या आणि तेथून पदव्युत्तर पदवी घेऊन १९५८ च्या सुमारास परतल्या. त्यांचा तो अभ्यास रोमच्या विद्यापीठाने जमेस धरला नाही, उलट त्यांना हिणवले गेले. पुढे १९६९ पासून त्यांनी परदेशातील अभ्यासाला मान्यता मिळावी म्हणून सतत पाठपुरावा केला आणि १९८७ मध्ये इरास्मस सुरू झाला, तेव्हा पहिल्या वर्षी ११ देशांतील ३,२४४ विद्यार्थ्यांनी त्याचा लाभ घेतला. इटलीत त्यांना ‘मामा इरास्मस’ म्हणत. म्हणजे जगातील सर्वांत नावाजलेल्या विनिमय कार्यक्रमाची सुरुवात प्रवासाच्या हौसेतून झालेली नाही, एका विद्यार्थिनीच्या न धरल्या गेलेल्या अभ्यासातून झाली आहे.

त्या कार्यक्रमाने जगाला दिलेला सर्वांत उपयोगी कागद म्हणजे लर्निंग अ‍ॅग्रीमेंट, म्हणजेच अध्ययन करारनामा. तेथे कोणते विषय घेणार आणि त्यांच्या बदल्यात येथील कोणते विषय माफ होणार, हे त्यात शेजारी शेजारी लिहिलेले असते आणि त्यावर विद्यार्थिनी, आपली संस्था व तेथील विद्यापीठ अशा तिघांच्या सह्या असतात. आपल्याकडे अडचण अशी की महाविद्यालय स्वायत्त नसेल, तर विभागप्रमुखांच्या सहीला येथे फारसा अर्थ उरत नाही. श्रेयांक देणारे विद्यापीठ असते, त्यामुळे समकक्षतेचा प्रस्ताव अभ्यास मंडळाकडून विद्या परिषदेपर्यंत जावा लागतो. या मंडळांच्या बैठका आपल्या विमानाच्या तारखेकडे पाहून लागत नाहीत. स्वायत्त महाविद्यालयात हेच काम तुलनेने लवकर होते. आपले महाविद्यालय कोणत्या प्रकारात मोडते, हे आधी विचारा.

श्रेयांकांचे गणितही सरळ नाही. आपल्याकडे आठवड्याला एक तास व्याख्यान, असे सुमारे पंधरा आठवडे चालले की एक श्रेयांक होतो. युरोपीय पद्धतीत मात्र व्याख्यानाबरोबरच घरचा अभ्यास, प्रयोगवही आणि परीक्षेची तयारी असे विद्यार्थ्याचे सर्व श्रम मोजले जातात आणि २५ ते ३० तासांचा एक श्रेयांक धरला जातो. तेथे वर्षाला ६०, म्हणजे सत्राला ३० श्रेयांक अपेक्षित असतात, तर आपले सत्र साधारण २० ते २२ श्रेयांकांचे असते. हे प्रमाण कोणते धरणार, ते आधी लेखी ठरवून घेतले नाही, तर परतल्यावर तीस आणि बावीस यांवरून वाद होतात. आमच्याकडे ते झाले आहेत.

विषय जुळवण्यातही एक गंमत आहे. आमच्याकडे आलेल्या पहिल्या जर्मन विद्यार्थ्याने येण्यापूर्वीच आमचे ‘मोडुलहांडबुख’ मागवले. प्रत्येक विषयाचा आशय, पूर्वतयारी, श्रमाचे तास आणि परीक्षेचे स्वरूप सांगणारी ही जाडजूड पुस्तिका तेथे प्रत्येक अभ्यासक्रमाची असते. आमच्याकडे होती ती अभ्यासक्रमाची पाने, ज्यांत ‘घटक ३ : उष्णता संक्रमण, ८ तास’ अशा ओळी होत्या. त्या मुलासाठी आम्ही चार सहकारी संध्याकाळी थांबून पाच विषयांची वर्णने लिहून काढली आणि तेव्हा लक्षात आले की आपण वर्षानुवर्षे जे शिकवतो, ते बाहेरच्याला समजेल असे कधी लिहिलेच नव्हते. त्याच वर्णनांच्या आधारे नंतर आमच्या मुलांची समकक्षता ठरवणे सोपे झाले. तो मुलगा मेसमधली भाकरी आवडीने खात असे, हा सारा उपद्व्याप आपल्यामुळे झाला याची त्याला कल्पनाही नव्हती.

दुसरा खरा अडथळा दिनदर्शिकेचा आहे. जर्मनीचे हिवाळी सत्र १ ऑक्टोबरला सुरू होते, व्याख्याने साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतात आणि परीक्षा त्याच्या पुढे मार्चपर्यंत रेंगाळू शकतात. आपले पाचवे सत्र जुलैच्या आसपास सुरू होऊन नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये संपते. म्हणजे मुलगी सप्टेंबरअखेर जाईल आणि परत येईल तेव्हा येथील सहावे सत्र निम्मे झालेले असेल. ७५ टक्के उपस्थितीची अट, सत्रांतर्गत चाचण्या आणि प्रयोगशाळेचे तास यांचे काय, याचे उत्तर ‘बघू, ॲडजस्ट करू’ असे मिळाले, तर ते उत्तर समजू नका. सहाव्या सत्रासाठीची सवलत प्राचार्यांच्या सहीने लेखी हवी. वर्ष वाया जाण्याच्या मी पाहिलेल्या प्रकरणांपैकी बहुतेक याच सांध्यावर झाली. परदेशातील सत्रात मुले पास होती, परतल्यानंतरच्या सत्राने त्यांना अडवले.

म्हणूनच आपल्याला पर्याय मिळत असेल, तर मी पाचव्याऐवजी आठवे सत्र सुचवीन. त्यात बहुधा मोठा भाग प्रकल्पाचा असतो, प्रकल्पाला तासांचे वेळापत्रक नसते आणि तेथील प्रयोगशाळेत फेब्रुवारी-मार्चपासूनही काम सुरू करता येते. सातवे सत्र मात्र टाळावे, कारण कॅम्पस प्लेसमेंटचा मुख्य हंगाम तेव्हाच असतो.

तिसरी गोष्ट गुणांची. जर्मनीत १.० ही सर्वोत्तम श्रेणी असते, ४.० वर उत्तीर्ण होण्याची सीमा असते आणि ५.० म्हणजे अनुत्तीर्ण. आमची एक विद्यार्थिनी १.३, १.७ आणि २.० अशा उत्तम श्रेणी घेऊन आली. परीक्षा विभागाने ते आकडे दहापैकी समजून जसेच्या तसे प्रणालीत भरले आणि ऑनलाइन निकालात तिला तीन विषयांत एटीकेटी लागली. निकाल दुरुस्त होईपर्यंत तिच्या वडिलांनी माझ्या खोलीत किती फेऱ्या मारल्या, ते मोजणे मी सोडून दिले होते. रूपांतरासाठी ‘सुधारित बव्हेरियन सूत्र’ सर्रास वापरले जाते. ते मुळात परदेशी गुण जर्मन श्रेणीत नेण्यासाठी आहे, पण उलटही चालवता येते. आपल्याकडे कमाल १० आणि उत्तीर्णतेस ४ धरले, तर १.३ चे ९.४ होतात, १.७ चे ८.६ आणि २.० चे ८. कोणते सूत्र वापरणार, ही ओळही अध्ययन करारनाम्यातच घालून घ्या.

खर्चाबाबत थोडक्यात सांगतो. शिक्षण शुल्क माफ असले, तरी राहणे, जेवण, आरोग्य विमा आणि तिकीट आपल्याकडेच असते. व्हिसासाठी दरमहा ९९२ युरो या हिशेबाने निधी दाखवावा लागतो, म्हणजे सहा महिन्यांचे ५,९५२ युरो होतात. तो बहुधा गोठवलेल्या खात्यात (ब्लॉक्ड अकाउंट, ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते) ठेवतात. दोन्ही संस्थांमध्ये इरास्मस प्लसचा (इरास्मसच्या आजच्या रूपाचा) प्रकल्प मंजूर असेल, तर प्रवास व निर्वाह भत्ता मिळू शकतो, म्हणून तेवढे महाविद्यालयाच्या आंतरराष्ट्रीय संबंध कक्षात अवश्य विचारा. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएच.डी.च्या पूर्ण अभ्यासक्रमासाठी आहे, एका सत्रासाठी ती चालत नाही. महाविद्यालय ‘संयुक्त पदवी’ किंवा ‘दुहेरी पदवी’ असे शब्द वापरत असेल, तर तो विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांचा वेगळा विषय आहे आणि आपल्या मुलीच्या सत्राशी त्याचा संबंध नाही.

तेथे गेल्यावरची एक सूचना मात्र आजच मुलीला लिहून द्या. जर्मन विद्यापीठांत विषयाला नाव नोंदवले म्हणजे परीक्षेला नोंदले गेले, असे बहुतेक ठिकाणी होत नाही. परीक्षेची नोंदणी वेगळी असते, तिला मुदत असते आणि ती चुकली तर सत्रभर वर्गात बसलेल्या विद्यार्थ्यालाही परीक्षेला बसता येत नाही. आपल्याकडे परीक्षा अर्जाची आठवण करून द्यायला शिपायापासून वर्गशिक्षकांपर्यंत सगळे असतात, तेथे एक ई-मेल येतो, तोही जर्मनमध्ये.

भाषेचा मुद्दा यातूनच निघतो. जर्मनीत इंग्रजीतून शिकवले जाणारे अभ्यासक्रम प्रामुख्याने पदव्युत्तर पातळीवर आहेत आणि पदवीच्या वर्गांत अजून बरेचसे विषय जर्मनमध्येच असतात. तिच्या यादीतील प्रत्येक विषय कोणत्या भाषेत आहे, हे त्या विद्यापीठाच्या विषयसूचीत लिहिलेले असते, ते आज रात्रीच तिच्याबरोबर बसून पाहा. चारपैकी दोन विषय जर्मनमध्ये निघाले, तर पाचव्या सत्राचा आग्रह सोडून आठव्या सत्राविषयी कक्षाशी बोला आणि मधल्या वेळात मॅक्सम्यूलर भवनात किंवा रानडे इन्स्टिट्यूटमध्ये चौकशी करून तिला जर्मनच्या वर्गाला घाला.