गोळ्या घरीच राहिल्या, तर?
वाचकांचे प्रश्न : तुरुंग आणि मनोविकार

माझ्या भाच्याला बऱ्याच वर्षांपासून स्किझोफ्रेनिया आहे. क्लोझापिन या औषधावर तो स्थिर होता. मारामारीच्या गुन्ह्यात अटक झाली आणि आता तो न्यायालयीन कोठडीत, येरवड्याला आहे. गोळ्या घरीच राहिल्या. गेटवर नेऊन दिल्या तर घेतील का? जामिनाचं काय? (धनकवडी)

गोळ्या नेण्याआधी शेवटचा डोस कोणत्या तारखेला, किती वाजता घेतला ते कागदावर लिहा. क्लोझापिन ४८ तासांहून जास्त बंद पडलं की जुन्या डोसवर थेट परतता येत नाही. साडेबारा मिलिग्रॅमपासून पुन्हा चढवत न्यावं लागतं. नाहीतर रक्तदाब एकदम उतरतो, माणूस उभ्याउभ्या कोसळतो, कधी फिटही येते. घरच्यांनी ‘रोज तीनशे घेतो’ एवढंच सांगितलं आणि तिथे तेवढंच सुरू झालं, तर जे औषध त्याला सावरत होतं तेच जिवावर बेतेल. रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा शेवटचा रिपोर्टही सोबत जोडा.

सुट्या गोळ्या किंवा कापलेल्या स्ट्रिप गेटवर घेतील अशी आशा धरू नका. त्यात नुसता आडमुठेपणा नाही. बराकीत झोपेची गोळी विडीसारखीच देवघेवीत चालते, म्हणून बाहेरून आलेल्या औषधाकडे संशयाने पाहिलं जातं. रस्ता कागदाचा आहे. तुरुंग अधीक्षकांच्या नावे अर्ज करा आणि त्याची एक प्रत तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना द्या. सोबत चालू प्रिस्क्रिप्शन, जुनं डिस्चार्ज कार्ड, रक्ताचा रिपोर्ट आणि असलं तर दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड जोडा. दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. त्याच दिवशी वकिलांकरवी रिमांडच्या कोर्टात उपचार मिळावेत म्हणून अर्ज द्या. अर्ज बाजूला पडू शकतो, पण कोर्टाचा आदेश आला की त्याचं उत्तर द्यावं लागतं. वकील नसेल तर शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

मानसिक आरोग्य कायद्याखालच्या २०१८ च्या नियमांनुसार तुरुंगात येणाऱ्या प्रत्येकाची मानसिक तपासणी व्हायला हवी, पण तिच्यावर विसंबू नका. रांगेत उभा असताना ‘काही आजार आहे का?’ असं विचारलं, तर ज्याला आवाज ऐकू येतात तो हमखास ‘नाही’ म्हणतो. (लिथियम या मनोविकारावरच्या औषधावर असलेल्यांच्या घरच्यांनी अर्जात आणखी एक ओळ घालावी. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं, जुलाब झाले किंवा अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन दिलं, तर रक्तातलं लिथियम वाढतं. हात थरथरणं, झोकांड्या, उलट्या सुरू झाल्या की पुढची गोळी थांबवून डॉक्टरांनी लगेच रक्तातली पातळी तपासायला हवी.)

आता जामीन. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६७ खाली दंडाधिकारी आरोपीला सिव्हिल सर्जनकडे पाठवू शकतात (पुण्यात औंधचं जिल्हा रुग्णालय). तिथून मनोविकारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे. अहवालात बहुतेकदा नेमकं इथेच घोडं अडतं. ‘रुग्णास स्किझोफ्रेनिया आहे’ एवढ्याने कोर्टाचं काम होत नाही. आरोप काय आहे हे त्याला कळतं का आणि तो आपल्या वकिलाला हकीकत सांगू शकतो का, हे कोर्टाला हवं असतं. वकिलांनी हे दोन प्रश्न अर्जातच लिहून मागावेत. अहवाल मान्य नसेल तर वैद्यकीय मंडळाकडे अपील करता येतं.

तो खटल्याला उभा राहू शकत नाही असं ठरलं, तर कलम ३६९ लागू होतं. गुन्हा अजामीनपात्र असला तरी सोडता येतं. मात्र त्याला दाखल करून उपचार देण्याची गरज नसावी आणि नातेवाइकाने लेखी हमी द्यावी : जवळच्या रुग्णालयात नियमित बाह्यरुग्ण उपचार घेऊ, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होऊ देणार नाही. हमी मोघम नको. कोणत्या ओपीडीला, कोणत्या वारी, कोण घेऊन जाणार आणि गोळ्या कोणाच्या हातात राहणार, हे नावानिशी लिहा. हमी घेणारं कोणी नसेल, तर नियमित उपचार मिळतील अशा जागी ठेवण्याचा आदेश होतो.

‘वेडाचं सर्टिफिकेट’ आणलं की आरोपी सुटतो, असं लोक म्हणतात. खरं का? परदेशात काय होतं? (कर्वेनगर)

नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम २२ (जुन्या दंड संहितेचं ८४) फक्त कृत्याच्या क्षणाचं बघतं. आपण काय करतोय किंवा ते चूक, बेकायदा आहे हे कळण्याची क्षमता त्या वेळी नव्हती, हे आरोपीने दाखवायचं असतं. दिवाणी दाव्यात लागतो तेवढा पुरावा पुरतो, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये डाह्याभाई ठक्कर खटल्यात सांगितलं. आधीची फाइल उपयोगी पडते, पण निर्णायक ठरतं ते घटनेच्या आगेमागे तो कसा वागला ते. हत्यार लपवलं का? पळाला का? तिथेच बसून राहिला का?

निर्दोष ठरला तरी दार लगेच उघडत नाही. कृत्य त्यानेच केलं असेल, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७४ नुसार सुरक्षित ताब्यात ठेवायचं किंवा नातेवाइकांकडे सोपवायचं. ताबा कधी संपणार याची तारीख मात्र नसते आणि आपल्याकडची खरी भीती हीच आहे. खटलाच उभा राहिला नाही, तरी माणूस असाच अडकतो. आसामच्या मचल लालुंगला १९५१ मध्ये अटक झाली आणि तेजपूरच्या मनोरुग्णालयात पाठवलं गेलं. १९६७ मध्ये तो बरा असल्याचा दाखला मिळाला, तरी रवानगी झाली गुवाहाटीच्या तुरुंगात. तो सुटला २००५ मध्ये, एक रुपयाच्या जातमुचलक्यावर.

नेदरलँड्समध्ये ‘टीबीएस’ नावाची सक्तीच्या उपचारांची तरतूद आहे. तिची मुदत न्यायाधीश एका वेळी एक किंवा दोन वर्षांनीच वाढवू शकतात. जर्मनीत फौजदारी संहितेच्या कलम ६३ खाली मनोरुग्णालयात ठेवलेल्याची कोर्ट दरवर्षी फेरतपासणी करतं. आमच्या मते इमारती आणि खाटांच्या आकड्यांपेक्षा हा फरक मोठा आहे. तिथे ‘आता काय?’ हे विचारणं न्यायाधीशाचं काम आहे, इथे ते आईबापांच्या माथी येतं. म्हणून दर तीन महिन्यांनी ताजा वैद्यकीय अहवाल मागवावा, असा अर्ज वकिलांनी देत राहावा.

इटलीने गुन्हेगार मनोरुग्णांची जुनी बंदिस्त रुग्णालये बंद केली आणि जास्तीत जास्त २० खाटांची छोटी केंद्रं काढली. कल्पना उत्तम, पण खाटा कमी पडल्या. जागा नाही म्हणून आजारी माणूस तुरुंगातच राहिला आणि २०२२ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने ‘सी (Sy) विरुद्ध इटली’ प्रकरणात त्याबद्दल ठपका ठेवला.

तुरुंगातला डॉक्टर कोणाचा माणूस, तुरुंगाचा की आरोग्य खात्याचा? (सहकारनगर)

नॉर्वेने १९८८ मध्ये आणि इंग्लंडने २००६ मध्ये कैद्यांची वैद्यकीय सेवा सार्वजनिक आरोग्य व्यवस्थेकडे दिली. कैद्याला बाहेर हलवा म्हणणाऱ्या डॉक्टरला त्यामुळे तुरुंगाच्या वरिष्ठाची मर्जी सांभाळावी लागत नाही. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम १०३ म्हणतं, तुरुंगात मानसिक आजार असलेला एकही कैदी नाही, असं वैद्यकीय अधिकाऱ्याने दर तिमाहीला मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला प्रमाणित करावं. गर्दीने फुगलेल्या तुरुंगाबद्दल असं प्रमाणपत्र खरं कसं असेल, हे कायदा लिहिणाऱ्यांनाच ठाऊक. पण ‘रुग्ण आहेत’ असं कळलं, तर त्यांना तिथे का ठेवलं हे मंडळ विचारू शकतं. रुग्णालयात हलवायलाही मंडळाचीच आधी परवानगी लागते.

जिवाचं काही करेल या भीतीने कैद्याला एकट्या कोठडीत ठेवणं बरं का? (येरवडा)

उलट धोका वाढतो. कैद्यांना कसं वागवावं याबद्दलच्या संयुक्त राष्ट्रांच्या मंडेला नियमांनुसार दिवसाचे २२ तास किंवा जास्त, माणसांशी अर्थपूर्ण संपर्क न ठेवता ठेवणं म्हणजे एकांतवास. १५ दिवसांपलीकडे तो कोणालाच देऊ नये आणि ज्याचा मनोविकार त्याने बळावेल त्याला मुळीच नको. आपल्याकडेही १९७८ च्या सुनील बत्रा निकालाने एकांतवासाला आवर घातला. शहाण्या बंद्यांसोबत बराकीत ठेवावं, झोपायची जागा खिडकीच्या गजांपासून दूर द्यावी, नाडी आणि गमछा काढून घ्यावा. आणि रात्रीची फेरी घड्याळाच्या ठोक्यावर नको : दर अर्ध्या तासाने हवालदार येतो हे कळलं की मधला अर्धा तास मोकळा सापडतो. कधी दहा मिनिटांनी, कधी पंचवीस मिनिटांनी डोकवावं.